लाइट्स आउटनंतरचे काम

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी एक साधी सूचना केली होती. हल्ली मुले रात्री उशिरा झोपतात, पण सकाळच्या शाळेसाठी त्यांना लवकर उठावे लागते. त्यामुळे त्यांची झोप पुरी होत नाही. तेव्हा शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. रमेश बैस हे आपल्या रायपूरचे. सात वेळा ते या शहराचे खासदार होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांच्या झोपेची काळजी रायपूरच्या माणसाने वाहिली!

या निर्णयाची गोष्ट आमच्या डॉर्मिटरीत निघाली तेव्हा माझ्या शेजारच्या कॉटवरचा मित्र म्हणाला, "चौथीवाल्यांची मजा आहे. आपल्याला कोण विचारतो?" त्याचे बरोबर होते. आपल्याकडे पाचला शिट्टी वाजते, साडेपाचला पी.टी.चे फॉलिन असते आणि ते बदलणार नाही. सैनिकी शाळेत ते बदलावे असेही मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. उठण्याची वेळ ठरलेलीच असेल, तर आपल्या वयाच्या मुलाला पुरेशी झोप मिळणार कशी? आणि मुळात "पुरेशी" म्हणजे किती? जीवशास्त्राच्या सरांना विचारले, लायब्ररीतली पुस्तके वाचली. जे समजले ते या मराठी पानासाठी लिहीत आहे. दहावी-बारावीच्या कॅडेटनी ते जरूर वाचावे, कारण बोर्डाच्या वर्षात आपण सर्वांत आधी कात्री लावतो ती झोपेलाच.

झोप आणणाऱ्या दोन गोष्टी

झोप लागते ती दोन वेगवेगळ्या यंत्रणांमुळे. पहिली म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. आपण जागे असताना मेंदूच्या पेशी सतत ऊर्जा वापरतात. त्या वापरातून अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितके जास्त तास जागे, तितके अ‍ॅडिनोसिन जास्त, आणि तितकी पेंग जास्त. झोपेत ते कमी होते आणि सकाळी हिशेब पुन्हा नव्याने सुरू होतो.

चहा-कॉफीतले कॅफिन या अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसते. त्यामुळे मेंदूला थकवा कळत नाही, पण थकवा तिथेच असतो. कॅफिनचा परिणाम ओसरला की साठलेली झोप एकदम अंगावर येते. शिवाय कॅफिन शरीरातून हळूहळू जाते. त्यातले निम्मे कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊच्या प्रेपला प्यायलेल्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे दोनलाही रक्तात फिरत असते.

हा दाब किती जबर असतो हे समजून घ्यायचे तर ८ मे २०२० ची पहाट आठवावी लागेल. लॉकडाऊनमध्ये काम बंद झाल्यावर जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काही मजूर गावी जायला पायी निघाले होते. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने रात्रभर चालले. औरंगाबादजवळ करमाडपाशी थकून रुळांवरच टेकले आणि तिथेच त्यांना झोप लागली. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळावरचे दगड आणि लोखंड यांवर कोणाला झोप लागेल, असे आपल्याला वाटते. पण थकवा एका हद्दीपलीकडे गेला की झोप जागा पाहत नाही. ती आली की माणसाच्या निश्चयाचे काही चालत नाही. हे आपण सैनिक होऊ पाहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

डोक्यातले घड्याळ

दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचे घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा गट आहे. तो दिवस-रात्रीचा ताल सांभाळतो. अंधार पडला की त्याच्या हुकमाने मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात येऊ लागते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते, आणि "आता रात्र झाली" ही वर्दी सगळ्या अवयवांना पोचते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा शोध लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अभ्यास केला तो फळांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माशीचा. तिच्यात जे घड्याळ सापडले, तशाच रचनेचे घड्याळ आपल्यातही आहे.

हे घड्याळ मनाप्रमाणे फिरवता येते का? १९३८ मध्ये नॅथॅनियल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ आपल्या एका तरुण शिष्याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन नाही, अंधार सदाचाच. त्यांनी २४ ऐवजी २८ तासांचा दिवस पाळायला सुरुवात केली. शिष्याच्या शरीराने बरेचसे जुळवून घेतले. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र २४ तासांच्याच तालावर चढत-उतरत राहिले. घड्याळ आतलेच आहे, बाहेरचे वेळापत्रक बदलले म्हणून ते लगेच बदलत नाही, हे त्यातून दिसले. माझे काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. रात्रपाळी करून आले की खिडकीला काळा पडदा लावून झोपतात, तरी त्यांची झोप चार-पाच तासांत मोडते. शरीर म्हणते दिवस आहे, वेळापत्रक म्हणते रात्र.

घड्याळ लावून देणारी मुख्य गोष्ट म्हणजे उजेड, आणि इथे रायपूरकर नशीबवान आहेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. रायपूर सुमारे ८१.६ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या भूगोलातल्या हिशेबाने रायपूरचा सूर्य आणि मनगटावरचे घड्याळ यांत जेमतेम चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबईत तो फरक सुमारे ३८ मिनिटांचा आहे. मुंबईच्या मुलाला पाचला उठवले, तर सूर्याच्या हिशेबाने त्याला चार वाजून बावीस मिनिटांनीच उठवले असे होते. आपल्याकडे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतोही. म्हणजे लवकर निजण्यासाठी निसर्ग आपल्याला अर्धा तास जास्तीची मदत करतो. रात्री मोबाइलचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांसमोर धरून आपण ती मदत परत करतो.

आता गंमत पाहा. चौथीपर्यंतच्या मुलांचे घड्याळ बहुधा लवकरचेच असते. ती लवकर झोपू शकतात आणि लवकर उठू शकतात. बारा-तेरा वर्षांनंतर मात्र घड्याळ मागे सरकते. मेरी कार्सकॅडन आणि इतर संशोधकांनी दाखवले आहे की किशोरवयात रात्री मेलाटोनिन उशिरा येऊ लागते आणि झोपेची वेळ एक ते दोन तासांनी पुढे ढकलली जाते. यात आळस नाही की बेशिस्त नाही, ते वयाचे लक्षण आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सुचवले की आपल्या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. म्हणजे महाराष्ट्राच्या निर्णयाचा फायदा लहानग्यांना झाला, पण घड्याळाची खरी अडचण आठवी ते बारावीच्या मुलांची आहे. आणि या सगळ्यात सर्वांत लवकर उठणारे कोण? आपण.

रात्रीच्या पाळ्या

झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखे मेंदू बंद होणे, असे पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटे. १९२० च्या दशकात हान्स बेर्गर यांनी मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याची रीत शोधली आणि पुढे झोपेतल्या लहरी पाहता आल्या. १९५३ मध्ये क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी युजीन अ‍ॅसेरिन्स्की यांनी झोपेतली एक अवस्था शोधली. तिच्यात पापण्यांआड डोळे भराभर फिरतात, मेंदू जवळपास जागेपणाइतकाच कामात असतो, आणि त्याच वेळी सर्वांत ठळक स्वप्ने पडतात. या अवस्थेला रेम झोप म्हणतात.

गार्ड ड्यूटीच्या पाळ्या असतात तशाच रात्रीच्याही असतात. एक पाळी साधारण ९० मिनिटांची. आधी डुलकी, मग हलकी झोप, मग गाढ झोप, मग रेम. रात्रभरात अशा चार-पाच पाळ्या होतात. पण प्रत्येक पाळीत काम सारखे नसते.

रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. वाढीचे संप्रेरक सर्वांत मोठ्या प्रमाणात रक्तात येते ते या पहिल्या गाढ झोपेत. दिवसभर ड्रिल, हॉर्स रायडिंग, बास्केटबॉल यांनी थकलेल्या स्नायूंची डागडुजी तेव्हा चालते. गाढ झोपेतून कोणी हलवून उठवले तर काही मिनिटे आपण कुठे आहोत हेच कळत नाही. नव्या सहावीच्या मुलांना रात्री फायर ड्रिलला उठवल्यावर ती उलट दिशेने का पळतात, त्याचे कारण हे आहे. त्यांना हसू नये.

रात्रीच्या शेवटच्या भागात रेम झोप जास्त असते. माझी आजी गोंदियाची. पहाटेच्या झोपेला ती साखरझोप म्हणते. स्वप्ने त्याच वेळी पडतात हे आपल्या लोकांना लहरींच्या यंत्राशिवायच माहीत होते. रेम झोपेचा संबंध शिकलेल्या गोष्टींची जुळणी आणि मनाचे संतुलन यांच्याशी आहे. उशिरा झोपून पाचला उठणाऱ्याच्या रात्रीचा शेवटचा भाग कापला जातो, म्हणजे त्याची साखरझोपच जाते. अशा दिवशी मेसमध्ये क्षुल्लक कारणावरून भांडण होते, आणि दोघांनाही कळत नाही की भांडण खरे तर उशीच्या मागे राहिलेल्या दोन तासांचे आहे.

अभ्यास पक्का होतो तो झोपेत

१९२४ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना दहा-दहा अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायला दिल्या. काही वेळा पाठांतरानंतर विद्यार्थी झोपले, काही वेळा जागे राहून रोजची कामे करत राहिले. आठ तासांनी विचारल्यावर झोपेनंतर निम्म्याहून जास्त आठवत होते. जागेपणानंतर दहातले जेमतेम एखादे.

त्यानंतर शंभर वर्षांत बरेच संशोधन झाले. आज असे समजले जाते की दिवसा शिकलेले आधी हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते ठेवले जाते. हा भाग म्हणजे आपल्या स्टोअरच्या बाहेरचे टेबल. रात्री गाढ झोपेत मेंदू त्या गोष्टी पुन्हा पुन्हा चाळतो आणि कायमच्या कपाटात लावतो. टेबल मोकळे झाले की दुसऱ्या दिवशी नवे सामान ठेवता येते. रात्री दोनपर्यंत जागून रसायनशास्त्र वाचणारा टेबलावर सामान रचत जातो आणि कपाटात लावणाऱ्यालाच सुटी देतो. सकाळी पेपर हातात आल्यावर "काल तर वाचले होते" असे वाटते ते यामुळेच.

कमी झोपेची फसवणूक

अमेरिकेत १७ वर्षांच्या रँडी गार्डनर या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी १९६३ च्या डिसेंबरपासून १९६४ च्या जानेवारीपर्यंत सलग २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागून दाखवले. डॉक्टर जवळ होते. चौथ्या दिवसापासून त्याला भास होऊ लागले. शेवटच्या दिवशी त्याला १०० मधून सात-सात वजा करत जायला सांगितले. तो ६५ पर्यंत आला आणि थांबला. का थांबलास, असे विचारले तर आपण काय करत होतो हेच त्याला आठवेना. गिनीज बुक आता असले विक्रम स्वीकारत नाही, कारण ते धोक्याचे आहेत.

अकरा दिवस कोणी जागत नाही, हे खरे. पण रोज थोडी थोडी झोप कापली तर काय होते? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांचे लक्ष इतके ढासळले होते की सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी त्यांची अवस्था झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांना स्वतःला ते कळत नव्हते. "थोडी झोप येते, पण ठीक आहे," असेच ते सांगत राहिले. "मला सहा तास पुरतात" असे म्हणणाऱ्या प्रत्येक सीनियरला मी हा प्रयोग सांगतो. पुरतात की नाही, हे ठरवणारा मेंदूच झोपाळलेला असतो.

आणखी एक हिशेब. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. भारतात गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. आता आपले वेळापत्रक पाहा. पाचला उठलेल्या कॅडेटचे १७ तास रात्री दहाला पूर्ण होतात, आणि आपले लाइट्स आउट बरोबर दहाला आहे. त्यानंतर पांघरुणात टॉर्च लावून सोडवलेली गणिते कोणत्या अवस्थेत सोडवलेली असतात, ते ज्याचे त्याने ठरवावे.

खेळातही तेच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंनी काही आठवडे रोज रात्री दहा तास बिछान्यात राहायचे ठरवले. त्यांची धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री थ्रो जवळपास नऊ टक्क्यांनी सुधारले. नवे बूट नाहीत, नवा कोच नाही. फक्त झोप.

सैनिक आणि झोप

"फौजी झोपत नाहीत" असे आपल्यात गमतीने म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालात शाएस्तेखानावर छापा घातला तो रात्रीची वेळ निवडून. मोठी फौज भोवती असूनही खान सापडला, कारण छावणी निजली होती आणि मोजकी माणसे जागी होती. आजही पहाटे आणि तिन्हीसांजेला मोर्चावरच्या तुकड्या "स्टँड-टू" म्हणजे पूर्ण सज्ज राहतात. पहाटेच्या आधीच्या तासांत शरीराचे तापमान सर्वांत खाली आणि माणूस सर्वांत मंद असतो, हे शत्रूलाही माहीत असते. म्हणूनच संत्री पाळीपाळीने उभे राहतात. एक जागतो तो बाकीच्यांना झोपता यावे म्हणून, आणि बाकीचे झोपतात ते आपल्या पाळीला नीट जागता यावे म्हणून. दोन्ही ड्यूटीच आहेत. अमेरिकेच्या लष्कराने २०२० मध्ये तंदुरुस्तीची नवी पुस्तिका काढली. तिच्यात व्यायाम, आहार, मन आणि आत्मिक बळ यांच्या बरोबरीने झोपेला पाचवे अंग म्हणून जागा दिली आहे.

रायपूरचा उन्हाळा

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतले तापमान सुमारे एक अंशाने उतरावे लागते. शरीर ही उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर टाकते. नवतप्याच्या दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात तेव्हा ही उष्णता जायला वाटच नसते. म्हणून मे महिन्यात डोळ्याला डोळा लागत नाही. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी आजोबा अजूनही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात आणि रात्री तिथेच गाद्या टाकतात. डॉर्मिटरीत गच्ची नाही, पण झोपण्यापूर्वी हात-पाय धुणे आपल्या हातात आहे. कातडीवरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. सगळे बंद केले तर दमट हवा कोंडते आणि घामही वाळत नाही.

आपले आठ तास

अमेरिकेच्या निद्रावैद्यक तज्ज्ञांनी २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार १३ ते १८ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप हवी, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. आपल्याकडे रात्री दहा ते पाच म्हणजे सात तास. दुपारच्या जेवणानंतरचा रेस्ट अवर धरला तर आठ. म्हणजे वेळापत्रकात किमान गरज बसवलेली आहे, पण दोन तुकड्यांत, आणि त्यात एक मिनिटही शिल्लक नाही. दहानंतर अर्धा तास गप्पा मारल्या की गेले. रेस्ट अवरमध्ये बॅरेकमध्ये क्रिकेट खेळले की गेले.

तेव्हा कॅडेट मित्रांनो, उठण्याची वेळ आपल्या हातात नाही, झोपण्याची आहे. त्यासाठी एवढे करता येईल.

एक, दहाचे लाइट्स आउट हे पाचच्या शिट्टीइतकेच कडक माना. दात घासणे, बूट पॉलिश, उद्याची बॅग हे सगळे पावणेदहापर्यंत संपवा.

दोन, संध्याकाळच्या प्रेपनंतर चहा-कॉफी नको.

तीन, पाठांतराचे विषय रात्रीच्या प्रेपच्या शेवटी घ्या आणि लगेच झोपा. अवघड गणिते सकाळच्या प्रेपला ठेवा.

चार, रेस्ट अवरमध्ये खरोखर आडवे व्हा. आपले आजोबा वामकुक्षी म्हणतात ती हीच. लांब पल्ल्याच्या विमानांत वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उतरण्याच्या वेळी जास्त सावध होते.

पाच, रविवारी आणि सुटीत घरी गेल्यावरही उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. सुटीत रोज रात्री एकपर्यंत जागून परत आलेल्याचे घड्याळ इथे जुळायला आठवडा घेते.

सहा, पहाटे उठल्याबरोबर बाहेर पडा. पी.टी.च्या वेळी उगवतीचा उजेड डोळ्यांवर पडतो तेव्हा रात्रीची झोप कधी लागावी याचा हिशेब आतल्या आत सुरू होतो.

आपल्या शिक्षकांना आणि इन्स्ट्रक्टर सरांना एक विनंती. शिक्षा द्यायची झाली तर ती खेळाच्या तासातून द्यावी, रेस्ट अवरमधून देऊ नये. जादा वर्गही त्या तासात नसावेत. पालकांना विनंती अशी की फोनवर "रात्री जागून अभ्यास कर" असे सांगू नका. "दहाला झोपलास का?" असे विचारा. लहान भाऊ-बहीण घरी असतील तर त्यांनाही हाच प्रश्न विचारा.

बोर्डाच्या परीक्षेला आमच्या बॅचला थोडेच महिने उरले आहेत. या महिन्यांत किती धडे पुन्हा वाचायचे याचा तक्ता प्रत्येकाच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. माझ्या तक्त्यात सर्वांत खालच्या ओळीत "१० ते ५" असे लिहिले आहे, आणि ती ओळ खोडायची नाही असे ठरले आहे.